पेपर उघडण्याआधी वर बेड नंबर लिहा

सकाळच्या राउंडला आमच्या एका रेसिडेंटने मोबाईल पुढे केला. "मॅडम, नवी ट्रायल, बीप्रोड. मधुमेह्यांमध्येही वरचं बीपी १२० च्या खाली आणलं तर फायदा आहे. बेड १४ ला चौथी गोळी सुरू करू का?"

बेड १४ म्हणजे ७४ वर्षांचे आजोबा. मधुमेह अठरा वर्षांचा, क्रिएटिनिन १.६ (म्हणजे किडनी थोडी थकलेली), बीपीच्या तीन गोळ्या चालू. बसून मोजलं की १३८, उभं करून मोजलं की १०८. बाथरूमला जाताना भिंत धरून जातात.

"ट्रायल चांगली आहे," मी म्हटलं, "पण आजोबा तिच्यात आहेत का?"

तो गप्प झाला. मी वाट बघत होते ती याचीच, कारण मला हे शिकायला बरीच वर्षं आणि एक मोडलेलं हाड लागलं. ते पुढे सांगते. आधी पद्धत. मेडिसिनमध्ये दर महिन्याला इतकं काही छापून येतं की सगळं वाचणं कुणालाच जमत नाही. मी आठवड्याला एक संशोधनाचा पेपर वाचते, पण तो नीट. साधारण चाळीस मिनिटं लागतात. लागतं काय? पेपरची छापील प्रत, पेन्सिल, आणि एक खरा रुग्ण. पहिल्या पानावर, शीर्षकाच्याही वर, मी त्या रुग्णाचा बेड नंबर, वय आणि दोन-तीन आकडे लिहिते. नाव लिहीत नाही, कागद इकडेतिकडे फिरतो. मग प्रत्येक पानावर तोच एक प्रश्न विचारायचा: हे याला लागू आहे का?

रुग्ण डोळ्यांसमोर नसेल तर पेपर वाचताना आपण नुसती मान डोलवतो. रुग्ण असेल तर भांडतो.

सुरुवात निष्कर्षापासून करू नका

ॲब्स्ट्रॅक्टची, म्हणजे सुरुवातीच्या सारांशाची, शेवटची ओळ मी हाताने झाकते. पोरकटपणा वाटेल, पण निष्कर्ष एकदा वाचला की मन त्याची वकिली करायला लागतं. मी आधी पद्धतींच्या भागात जाते आणि कुणाला घेतलं, कुणाला वगळलं ते बघते. वगळलेल्यांची यादी हा पेपरचा सगळ्यात प्रामाणिक परिच्छेद असतो आणि सगळ्यात कमी वाचला जाणाराही.

बीपीचंच घ्या. २०१५ साली स्प्रिंट ट्रायल आली. ९,३६१ माणसं, सगळी पन्नाशीच्या पुढची, निम्म्यांचं लक्ष्य १२० च्या खाली, निम्म्यांचं १४० च्या खाली. कडक गटाचा फायदा इतका स्पष्ट होता की ट्रायल ठरल्यापेक्षा लवकर थांबवली. त्यानंतर जो तो १२० म्हणू लागला. पण वगळलेल्यांत कोण होते? मधुमेह असलेले. आधी पक्षाघात झालेले. आणि उभं राहिल्यावर एका मिनिटाने ज्यांचं बीपी ११० च्या खाली जातं ते. आमचे आजोबा या यादीत दोनदा येतात.

आणखी एक गोष्ट तिथेच बारीक अक्षरात असते: बीपी मोजलं कसं. स्प्रिंटमध्ये माणसाला पाच मिनिटं शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने तीनदा मोजून सरासरी काढली होती. आपल्या ओपीडीत माणूस जिना चढून येतो, शर्टाच्या बाहीवरच पट्टा बांधला जातो, मोजणारा मध्येच त्याला काहीतरी विचारतो. त्या १३८ ची आणि स्प्रिंटच्या १३८ ची बरोबरी होत नाही. ट्रायलचं लक्ष्य उचलायचं असेल तर तिची मोजायची रीतही उचला. नाहीतर आकडा त्यांचा आणि माणूस आपला, असा घोळ होतो.

"फरक आढळला नाही" म्हणजे काय

रेसिडेंटचा पुढचा प्रश्न रास्त होता. मधुमेह्यांसाठी २०१० मध्ये अकॉर्डची बीपीची ट्रायल झाली होती. ४,७३३ मधुमेही, तीच दोन लक्ष्यं, आणि मुख्य निकालात लक्षणीय फरक नाही. "मग १४ वर्षांनी बीप्रोडमध्ये फरक कसा आला? कुणीतरी चुकलंय ना?"

कुणीच चुकलेलं नाही. त्याला मी अकॉर्डचा आकडा पुन्हा वाचायला लावला. हॅझर्ड रेशो ०.८८. म्हणजे कडक गटात घटना सुमारे १२ टक्के कमी, पण कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.७३ ते १.०६. ही पट्टी काय सांगते? खरा परिणाम २७ टक्के फायद्यापासून ६ टक्के तोट्यापर्यंत कुठेही असू शकतो. ट्रायलने फायदा सिद्ध केला नव्हता, हे खरं. पण फायदा नाही, हेही सिद्ध केलेलं नव्हतं. पुढे २०२४ मध्ये चीनमधून बीप्रोड आली. १२,८२१ मधुमेही, मध्यक ४.२ वर्षं पाठपुरावा. हॅझर्ड रेशो ०.७९, पट्टी ०.६९ ते ०.९०. आता हा ०.७९ अकॉर्डच्या पट्टीत ठेवून बघा. आत बसतो. दोन्ही ट्रायलींचं उत्तर एकमेकांना धरूनच आहे. अकॉर्डमध्ये माणसं आणि घटना कमी, म्हणून चित्र धूसर. बीप्रोडने तेच जवळून पाहिलं.

म्हणून मी पी व्हॅल्यूवर (औषधाने काहीच फरक पडत नसता तरी निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) पेन्सिल टेकवतच नाही. पट्टीची दोन्ही टोकं गोल करते आणि दोन प्रश्न विचारते. चांगलं टोक खरं असेल तर मी औषध देईन का? वाईट टोक खरं असेल तर देईन का? दोन्हींचं उत्तर "हो" असेल तर प्रश्न मिटला. एक हो आणि एक नाही असेल, तर पी व्हॅल्यू काहीही असो, माझ्यासाठी प्रश्न उघडाच आहे.

टक्क्यांची टक्केवारी

स्प्रिंटची बातमी "२५ टक्के घट" अशी फिरली. खोटी नाही. कडक गटात ४,६७८ पैकी २४३ जणांना मुख्य घटनांपैकी काहीतरी झालं, म्हणजे हार्ट अटॅक, पक्षाघात, हार्ट फेल्युअर वगैरे. दुसऱ्या गटात ४,६८३ पैकी ३१९. टक्क्यांत ५.२ आणि ६.८. फरक १.६, म्हणजे ६.८ चा जवळपास पाव हिस्सा; ते २५ टक्के इथून आले. शंभराला १.६ ने भागा, साधारण ६२ येतात. सव्वातीन वर्षं इतक्या माणसांना कडक उपचार दिले तर एकाची घटना टळते.

आता तीच पेन्सिल दुष्परिणामांच्या तक्त्याकडे न्या. रेसिडेंट इथे हमखास थांबतात, कारण तो तक्ता पुढच्या पानावर असतो आणि तोपर्यंत चहा आलेला असतो. किडनीला अचानक इजा झाल्याच्या गंभीर नोंदी: ४.१ टक्के आणि २.५ टक्के. फरक पुन्हा १.६. म्हणजे एक घटना टाळायला जेवढी माणसं लागतात, जवळपास तेवढ्यांमागे एकाच्या किडनीला जास्तीची इजा. दोन्ही पारडी सारखी आहेत असं मी म्हणत नाही. बहुतेकांची किडनी सावरते, गेलेला माणूस परत येत नाही, आणि स्प्रिंटमध्ये एकूण मृत्यूही कमी झाले: १५५ विरुद्ध २१०. पण ज्याचं क्रिएटिनिन आधीच १.६ आहे त्याच्याशी बोलताना मला दोन्ही आकडे तोंडावर हवेत. फायदा टक्क्यांच्या टक्क्यांत आणि तोटा साध्या टक्क्यांत, असं मांडलेलं दिसलं की मी समासात एक फुली मारते.

वजनाच्या इंजेक्शनांबद्दल तर हल्ली रुग्णच आपल्याला सांगतात. २०२३ च्या सिलेक्ट ट्रायलमध्ये १७,६०४ माणसं होती. वजन जास्त, हृदयरोग किंवा पक्षाघात वगैरे आधीच झालेला, मधुमेह मात्र नाही. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनावर ६.५ टक्क्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू, प्लासिबोवर (औषध नसलेलं, दिसायला तसंच) ८.०. बातमी "२० टक्के", हिशोब दीड टक्का, सरासरी चाळीस महिन्यांत. त्रास झाल्याने औषध सोडलेले १६.६ टक्के, प्लासिबोवर ८.२. औषध उत्तम आहे, मी देते. फक्त ज्याला आजवर हृदयाचा काहीच त्रास नाही आणि लग्नसमारंभापुरतं बारीक व्हायचंय, त्याने मला सिलेक्ट दाखवू नये.

माझं मोडलेलं हाड

हाड माझं नव्हे, माझ्या रुग्णाचं. २००७ ची गोष्ट. निवृत्त शिक्षिका, वय ७१. मी तेव्हा नवी होते आणि साखर जितकी नॉर्मलजवळ तितकं बरं, यावर माझी श्रद्धा होती. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ७.४ वरून ६.१ वर आणली. इन्सुलिन, वर दोन गोळ्या. रिपोर्ट बघून मी खूश, बाई माझ्याहून खूश. मग एका पहाटे साखर उतरली, त्या स्वयंपाकघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

पुढच्याच वर्षी अकॉर्डचा साखरेचा भाग प्रसिद्ध झाला. १०,२५१ मधुमेही, कडक गटाचं लक्ष्य एचबीएवनसी ६ च्या खाली. कडक गटात २५७ मृत्यू, दुसऱ्यात २०३. ट्रायलचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. मी तो पेपर उभ्याने वाचला होता.

तेव्हापासून पेपर हातात आला की मी विचारते: यांनी मोजलं काय? रिपोर्टमधला आकडा, की माणसाला जाणवणारी गोष्ट? साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजीतले जादा ठोके, लघवीतलं प्रोटीन, ही सगळी मधली स्टेशनं. गाडी तिथून गेली म्हणजे मुक्कामाला पोचलीच असं नाही. याचा सगळ्यात कडू धडा कास्ट ट्रायलने दिला. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या हृदयाचे जादा ठोके पडतात त्यांना ते ठोके दाबणारी औषधं द्यायची, हे तेव्हा इतकं उघड वाटत होतं की प्लासिबो देणंच काहींना अन्यायाचं वाटे. ठोके खरोखर दबले. पण एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण दगावले आणि प्लासिबोवरच्या ७४३ पैकी २६. हे १९९१ साली छापून आलं. सगळेच मधले आकडे फसवे नसतात, बीपी बराच भरवशाचा निघाला आहे. पण भरवसा ट्रायलने मिळवून द्यावा लागतो, गृहीत धरायचा नसतो.

याचीच धाकटी बहीण म्हणजे एकत्र बांधलेले निकाल. मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि ॲडमिशन यांची एकच मोळी. मोळी सोडून एकेक काटकी बघायची. २०२४ च्या ॲबिस ट्रायलमध्ये हार्ट अटॅकनंतर स्थिर असलेल्यांचं बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग कमी करणारी गोळी) थांबवून पाहिलं. थांबवलेल्यांत मोळीचा आकडा २३.८ टक्के, चालू ठेवलेल्यांत २१.१. "थांबवणं धोक्याचं" म्हणून मोकळं होता येतं. पण मृत्यू ४.१ आणि ४.०, हार्ट अटॅक २.५ आणि २.४. फरक जवळपास सगळा हृदयाच्या कारणाने झालेल्या ॲडमिशनचा, आणि कोण गोळी घेतंय हे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही ठाऊक होतं. गोळी बंद केलेल्या माणसाला धडधडलं की तो लवकर घाबरतो, आणि त्याला बघणारा डॉक्टरही. अर्थात गोळी काढली की धडधड, छातीत दुखणं परत येणं हेही खरंच असू शकतं. मी अजून सरसकट थांबवत नाही. रुग्णाला विचारून, हळूहळू कमी करते.

कमी दिवसांचे पेपर

हल्लीच्या बऱ्याच चांगल्या ट्रायली औषध वाढवण्याच्या नाहीत, कमी करण्याच्या आहेत, आणि त्या वाचायची रीत थोडी उलटी आहे. बॅलन्स ट्रायलचं उदाहरण घ्या. रक्तात जंतू सापडलेले ३,६०८ रुग्ण, अँटिबायोटिक ७ दिवस की १४ दिवस? ९० दिवसांत मृत्यू १४.५ आणि १६.१ टक्के. इथे "कुठलं श्रेष्ठ" हा प्रश्नच नाही. सात दिवस फार वाईट नाहीत ना, एवढंच तपासायचं. "फार" म्हणजे किती, ते आधी ठरवावं लागतं. त्यांनी ४ टक्के ठरवले होते. म्हणजे सात दिवसांच्या गटात मृत्यू ४ टक्क्यांहून जास्त असण्याची शक्यता पट्टीने नाकारायला हवी. पट्टीचं वाईट टोक ०.८ वर थांबलं. पास.

अशा पेपरात मी तीन गोष्टी शोधते. ती मर्यादा मला पटते का, की कंपनीला सोयीची आहे. वगळलेले कोण: बॅलन्समध्ये स्टॅफ ऑरियस या चिवट जंतूवाले नव्हते, प्रतिकारशक्ती अगदी खालावलेले नव्हते, हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग किंवा न काढलेला पू असलेले नव्हते. स्टॅफ ऑरियसला सात दिवस देऊन "बॅलन्स" म्हणणारा मी पाहिलाय. आणि तिसरी, नेमून दिलेलं पाळलं का? सात दिवसांच्या गटातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याला जास्त दिवस औषध मिळालं. गट असे मिसळले की दोन्ही सारखे दिसायला लागतात, आणि सारखं दिसणं म्हणजेच इथे जिंकणं. म्हणून नियम पाळलेल्यांचं वेगळं विश्लेषण बघायचं. त्यांनी केलं होतं, उत्तर तेच आलं. तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली.

सबग्रुपबद्दल, म्हणजे ट्रायलमधल्या माणसांचे छोटे गट पाडून बघण्याबद्दल, थोडक्यात. १९८८ च्या आयसिस-२ मध्ये हार्ट अटॅकच्या १७,१८७ रुग्णांत ॲस्पिरिनने मृत्यू स्पष्ट कमी झाले. संपादकांना सबग्रुप हवे होते, तेव्हा संशोधकांनी राशींप्रमाणे विभागणी छापली: मिथुन आणि तूळ राशींना ॲस्पिरिनचा उपयोग नाही, उलट किंचित तोटा! थट्टाच होती, पण छापील. जर्नल क्लबात, म्हणजे पेपर वाचायच्या आमच्या बैठकीत, कुणी "सत्तरीवरच्या बायकांमध्ये मात्र" असं सुरू केलं की आमच्याकडे मागून "रास कोणती?" असा आवाज येतो. कधी सबग्रुप मानावाही लागतो. कोविडमध्ये रिकव्हरी ट्रायलने डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड तपासलं. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले, नुसत्या ऑक्सिजनवर २६.२ वरून २३.३, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांत १४.० च्या जागी १७.८. पायऱ्या एका दिशेने उतरतात, त्यामागचं कारण कळतं, आणि ही विभागणी आधीच ठरलेली होती. राशींना यातलं काहीच नव्हतं.

शेवटी पाच मिनिटं नोंदणीवर. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर ट्रायलचा नंबर टाकून मुख्य निकाल आधी काय जाहीर केला होता ते बघते. पेपरात तोच असेल तर ठीक. दुसराच निघाला तर पेपर परत पहिल्यापासून, कपाळावर आठी घालून.

बेड १४ च्या कागदावर त्या दिवशी रेसिडेंटने स्वतः लिहिलं: मधुमेह, बीप्रोडमध्ये बसतात. वय त्यांच्या सरासरीहून दहा वर्षं जास्त. त्या गटातही कडक उपचारांनी चक्कर आणणारं लो बीपी वाढलंच होतं. उभ्याने १०८. चौथी गोळी नको, तिसरी बघा. तिसरी प्राझोसिन होती, उभं राहिल्यावर बीपी उतरवणारी, रात्रीची. ती काढली. तिसऱ्या दिवशी बसून १४२, उभ्याने १२६, भिंतीचा हात सुटला.

मग त्याने "बेड १४" वर काट मारून खाली "बेड ९" लिहिलं. वय ५८, मधुमेह सहा वर्षं, क्रिएटिनिन ०.९, बसून १४८, उभ्याने १४६, एकच गोळी. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आणि त्याने दुसरी गोळी लिहिली.